मदत हवी आहे: दादाने सिगारेट सोडली, नागपुरात सोबत कुठे मिळेल?

मंडळी, आमच्या दादाने सिगारेट सोडली आहे. घरी फार त्रास नाही. खरी पंचाईत ऑफिस सुटल्यावर, सीताबर्डीच्या टपरीवर. चहा आला की हात खिशाकडे जातो आणि मित्र म्हणतात, "एकानं काय होते बे?" वरून सल्ला काय, तर त्याऐवजी खर्रा खा! तंबाखू ती तंबाखूच नं जी?

१८००-११-२३५६ ही सरकारची मोफत क्विटलाइन, म्हणजे तंबाखू सोडायला फोनवर मदत करणारी सेवा, आम्हाला माहीत आहे. २ मिलिग्रॅमचा निकोटीन गमही आणलाय. तो सतत चघळायचा नसतो, झिणझिण्या आल्या की गालात दाबून ठेवायचा. चिडचिड, झोपमोड पहिले काही आठवडे चालतेच म्हणे.

पण संध्याकाळी सोबत कोणाची? सिगारेट सोडणाऱ्यांचा गट इकडे कुठे भेटतो का? मेडिकल किंवा शासकीय दंत महाविद्यालयात समुपदेशनाला कोणी गेलं असेल तर अनुभव सांगा. अंबाझरीला सकाळी फिरणारा, स्वतः सोडलेला कोणी असेल तर उत्तमच, दादा डॉक्टरपेक्षा अशा माणसाचं ऐकेल.

आणि घरच्यांनी विचारपूस करावी की गप्प राहावं? आई रोज त्याचा शर्ट हुंगते, मग तो भडकतो.