मदत हवी आहे: शेअरचा पीई (भाव भागिले प्रति शेअर नफा) ६ म्हणजे स्वस्त की सापळा?

स्क्रीनरवर (निकष लावून शेअर गाळायचं साधन) लावलेली चाळणी: ५ वर्षांचा सरासरी आरओसीई (धंद्यात गुंतलेल्या भांडवलावरचा परतावा) १५ टक्क्यांवर, कर्ज-भांडवल प्रमाण ०.५ च्या आत, पीई स्वतःच्याच १० वर्षांच्या मध्यकाखाली. तरी यादीत केमिकल आणि धातूवाल्या कंपन्याच वर येतात. तेजीच्या शिखरावर नफा फुगलेला असतो, म्हणून पीई ६. मालाचे भाव उतरले की शेअर पडूनही तोच पीई २५ होतो. जमीन विकून आलेलं 'इतर उत्पन्न' तर हाताने वजा करावं लागतं.

अशा ठिकाणी १० वर्षांचं सरासरी मार्जिन (विक्रीतला नफ्याचा टक्का) चालू विक्रीला लावून नफा धरावा का? पण विक्रीही शिखरावरचीच ना! की सरळ पी/बी (भाव भागिले प्रति शेअर पुस्तकी मूल्य) बघावा? आणि नव्या प्लांटमुळे ग्राहकांकडची उधारी व मालाचा साठा वाढून ५ वर्षांचा ऑपरेटिंग कॅश फ्लो (धंद्यातून प्रत्यक्ष हाती आलेली रोकड) निव्वळ नफ्याच्या ६० टक्केच भरत असेल, तर कंपनी बाद करता का?