गूळ आणि लिंबाच्या सालींचं फरशी-पाणी

फिनाईलच्या वासानं बाळाला ठसका लागतो, पर्याय सांगा, असं कुणीतरी विचारलंय. आमच्या घरी दोन वर्षं बायोएन्झाइमच, म्हणजे गूळ आणि साली पाण्यात आंबवून केलेलं फरशी पुसायचं पाणी, वापरतोय. कोल्हापुरात गूळ काय, हाताशीच असतो.

प्रमाण १:३:१०. म्हणजे १०० ग्रॅम गूळ, ३०० ग्रॅम लिंबू-मोसंबीच्या साली, एक लिटर पाणी. प्लास्टिकच्या बाटलीत भरा, वर थोडी जागा सोडा. काचेची बाटली नकोच, आतल्या वायूनं फुटू शकते. पहिला महिना रोज झाकण सैल करायचं, फुस्स आवाज येतो. वर पांढरी साय धरली तर घाबरू नका. काळी बुरशी आली तर मात्र ओतून द्या. तीन महिन्यांनी गाळलं की तांबूस, आंबटसर वासाचं पाणी मिळतं. अर्ध्या बादलीला दोन-तीन झाकणं पुरतात. संगमरवरावर वापरू नका, आम्लानं चकाकी जाते.

एकानं व्हिनेगर आणि खायचा सोडा एकत्र करून ठेवायला सांगितलंय. ते पटत नाही. दोन्ही एकमेकांना मारतात, उरतं जवळपास खारट पाणी. वेगवेगळे वापरा. आणि संडासात ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर एकत्र कधीच टाकू नका, क्लोरीन वायू सुटतो. बाळ असलेल्या घरात तर आधी हेच सांभाळा, बाकीचं सावकाश होऊ दे.

भांड्यांना आम्ही रिठ्याचं पाणी घेतो. फेस कमी येतो, पण तेलकटपणा निघतो. तांबड्या रश्श्याच्या पातेल्याला मात्र आधी राख लावावी लागते.