प्लॅटफॉर्म ड्रायव्हर: दुसऱ्या मेमरी रिसोर्सचा निर्देशांक १ की २?

कृष्णाकाठ (सांगली):
नमस्कार. कृष्णेच्या पाणीपातळीची नोंद घेण्यासाठी आम्ही कुपवाड एमआयडीसीत एक लिनक्स बोर्ड तयार करत आहोत. त्यातील एफपीजीएला (अंतर्गत रचना हवी तशी ठरवता येणाऱ्या चिपला) ४ केबीचा कंट्रोल रजिस्टरांचा विभाग, ६४ केबीचा नमुन्यांचा बफर आणि एक इंटरप्ट (प्रोसेसरचे लक्ष वेधणारा संकेत) आहे. सोबत मिळालेला जुना ड्रायव्हर बफरसाठी ‘प्लॅटफॉर्म_गेट_रिसोर्स’ला (उपकरणाचे मेमरी-विभाग, इंटरप्ट असे रिसोर्स शोधून देणाऱ्या कर्नल फंक्शनला) निर्देशांक २ देतो आणि डिव्हाइस ट्रीवर (बोर्डावरील हार्डवेअरचे वर्णन करणाऱ्या फाइलवर) बूट केल्यावर प्रोब (ड्रायव्हरचा उपकरण सुरू करणारा टप्पा) ‘इनव्हॅलिड रिसोर्स’ असे सांगून उणे २२ या त्रुटीवर थांबतो. २ ऐवजी १ लिहिले की तो चालतो. परंतु का चालतो हे कळल्याशिवाय पॅच (कोडमधील दुरुस्ती) पाठवणे मला योग्य वाटत नाही. आयर्विन पुलाजवळ ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ फूट ही धोका पातळी असताना, भलत्याच पत्त्यावरून वाचलेला आकडा खरा म्हणून पुढे जाता कामा नये.

विश्रामबाग:
१ हेच बरोबर आहे. हे फंक्शन रिसोर्सच्या संपूर्ण यादीतील क्रमांक पाहत नाही; मागितलेल्या प्रकारचेच रिसोर्स मोजते आणि ती मोजणी शून्यापासून सुरू होते. मूळ लेखकाने मेमरी, इंटरप्ट, मेमरी अशी यादी डोळ्यांसमोर ठेवून तिसऱ्या नोंदीसाठी २ लिहिले असावे. तिसरा मेमरी रिसोर्स अस्तित्वातच नसल्याने नल (रिकामा पॉइंटर) मिळतो, आणि तो तसाच ‘डेव्हएम_आयओरिमॅप_रिसोर्स’कडे (विभाग ड्रायव्हरला वाचता येईल असा मॅप करणाऱ्या फंक्शनकडे) गेल्यावर तुम्हाला दिसलेली त्रुटी येते. इंटरप्टसाठी मात्र ‘प्लॅटफॉर्म_गेट_आयआरक्यू’ वापरावे; तिथे निर्देशांक ० राहील.

मिरज जंक्शन:
वरील उत्तराशी सहमत आहे, पण मला खरी काळजी वेगळी वाटते. निर्देशांक २ असताना निदान प्रोब तरी अडला. १ असताना एखाद्या बोर्डाच्या डिव्हाइस ट्रीमध्ये ‘रेग’मधील (विभागांचे पत्ते देणाऱ्या गुणधर्मातील) दोन नोंदींचा क्रम उलटा असेल, तर मॅपिंग विनातक्रार होईल आणि ड्रायव्हर कंट्रोल रजिस्टरांतील मूल्ये नमुने समजून वाचत राहील. म्हणून ‘रेग-नेम्स’ या गुणधर्मात दोन्ही विभागांना नावे द्यावीत, बाइंडिंगमध्ये (डिव्हाइस ट्रीतील नोंदी कशा असाव्यात हे सांगणाऱ्या दस्तऐवजात) ती नोंदवावीत आणि ड्रायव्हरने ‘प्लॅटफॉर्म_गेट_रिसोर्स_बायनेम’ने नावानेच विभाग मागावा. शिवाय ‘रिसोर्स_साइज’ने बफर किमान ६४ केबीचा आहे, हेही तपासावे.

कृष्णाकाठ (सांगली):
मनःपूर्वक आभार. रूट म्हणून ‘प्रॉक’मधील ‘आयओमेम’ (मेमरी-पत्त्यांची यादी) पाहिले. दोन्ही विभाग अपेक्षित पत्त्यांवर आहेत. मात्र आमच्या दुसऱ्या बोर्डाच्या फाइलमध्ये बफर खरोखरच आधी लिहिलेला आहे. तर मग निर्देशांक पूर्णपणे काढून टाकावा का?

विश्रामबाग:
लगेच नको. आधीच बसवलेल्या बोर्डांच्या डिव्हाइस ट्रीमध्ये ‘रेग-नेम्स’ नसेल, तर नवा कर्नल घालताच ते बंद पडतील. आधी नावाने शोधावे आणि ‘रेग-नेम्स’ हा गुणधर्मच नसेल तेव्हाच निर्देशांकाकडे वळावे. पॅच दोन करावेत: पहिल्यात फक्त २ चा १, सोबत ‘फिक्सेस’ ओळ (मूळ चूक कोणत्या बदलात झाली हे सांगणारी), म्हणजे तो कर्नलच्या जुन्या स्थिर शाखांतही सहज घेता येईल, दुसऱ्यात नावांचा बदल. उलट्या क्रमाची फाइल पहिल्या पॅचसोबतच सुधारा, कारण प्रोब अडायचा थांबला की तोच बोर्ड चुकीचे आकडे देऊ लागेल.