रियाजाच्या सुरासाठी मॉड्युलर सिंथ: पंचम खटकतो

प्रश्न (दांडिया बाजार, वडोदरा): रियाजासाठी मी मॉड्युलर सिंथमधले (सुटी मॉड्यूल जोडून केलेले इलेक्ट्रॉनिक वाद्य) दोन अ‍ॅनालॉग ऑसिलेटर, म्हणजे सूर निर्माण करणारी मॉड्यूल, षड्ज-पंचमावर लावून ठेवते. क्वांटायझरमधून (सूर ठरवणारे व्होल्टेज ठरावीक स्वरांवर बसवणारे मॉड्यूल) येणारा पंचम मात्र किंचित खटकतो आणि उन्हाळ्यात सूर हळूहळू सरकतो. ऑसिलेटरमध्ये काही फेरफार करावा का?

उत्तर १: फेरफाराची गरज दिसत नाही. क्वांटायझर सप्तकाचे बारा समान भाग करतो, त्यामुळे त्याचा पंचम ७०० सेंटवर बसतो (सेंट म्हणजे सप्तकाचा १२००वा भाग); तंबोऱ्याचा ३:२ प्रमाणातला पंचम सुमारे ७०२ सेंटवर असतो, आणि एवढासा फरकही अखंड सुरात मंद हेलकाव्यांसारखा ऐकू येतो. एका व्होल्टला एक सप्तक या हिशेबाने आपल्याला षड्जापेक्षा ०.५८५ व्होल्ट जास्त हवेत. क्वांटायझर वगळून ऑफसेट मॉड्यूलने (हवे तेवढे स्थिर व्होल्टेज देणारे मॉड्यूल), हेलकावे थांबेपर्यंत, कानानेच जुळवावे; मीटरपेक्षा गाणाऱ्याचा कान बरा.

उत्तर २: सूर सरकतो तो बहुधा उष्णतेमुळे. सिंथ अर्धा तास आधी चालू ठेवावा आणि पंख्याचा झोत त्यावर येऊ देऊ नये. मॉड्यूल काढलेच, तर परत जोडताना रिबन केबलची लाल कड उणे १२ व्होल्टच्या बाजूलाच ठेवावी. उलट जोडणीने मॉड्यूल जळू शकते.

प्रश्नकर्ती: आभारी आहे. शुद्ध गंधारालाही हाच उपाय का?

उत्तर १: होय, तिथे तर फरक जवळजवळ १४ सेंटांचा आहे, ०.३२२ व्होल्टच्या आसपास शोधावा.