मीठप्रेमी जिवाला 'मिठाचा ताण' म्हणावं का?

तीळपापड: हॅलोबॅक्टेरियम या खूप खाऱ्या पाण्यात राहणाऱ्या सूक्ष्मजीवावरचा एक लेख मराठीत करतेय. सॉल्ट स्ट्रेसला 'मिठाचा ताण' लिहिलं तर संपादक म्हणाले, जो २५ टक्के मिठात सुखाने राहतो त्याला मिठाचा कसला ताण? खरंय ते. पेशीत पोटॅशियम क्लोराइड ठासून भरलेलं असतं, गोड्या पाण्यात टाकलं की पाणी आत घुसतं आणि पेशी फुटते. पण मीठ फार वाढलं तरीही काही जनुकं चालू-बंद होतातच, म्हणजे ताण दोन्हीकडून. एक शब्द सुचवा.

पेशीवाला: आधी 'क्षारप्रिय' लिहिलं असेल तर काढा. क्षार म्हणजे मीठ की अल्कली, वाचकाला कळत नाही. लोणारचं पाणी दोन्ही आहे, खारटही आणि पीएच १० च्या आसपास, तिथले जीव दोन्ही सोसतात. मग मीठ आणि अल्कली दोघांना एकच शब्द कसा चालेल? लवणप्रिय म्हणा.

आगरातला: लवण कोण बोलतं हो? माझे आजोबा उरणला मिठागरात होते, मीठ पडायच्या आधी पाणी लालसर व्हायचं ते याच जिवांमुळे, हे मला कॉलेजात कळलं. मीठप्रेमी म्हणा की सरळ.

पेशीवाला: मीठप्रेमी चालेल, पण 'मीठप्रेमी आर्किया' म्हणा, नावात बॅक्टेरियम असलं तरी ते जीवाणू नाहीत, आर्किया हा सूक्ष्मजीवांचा वेगळाच गट आहे.

जुनीवही: लवण कोणी बोलत नाही असं कसं? लोणचं त्यातूनच आलं, लोणारही. तिथे लवणासुराला विष्णूने मारलं म्हणतात, दैत्यसूदनाचं देऊळ आहे. आणि २०२० च्या जूनमध्ये तळं गुलाबी झालं तेव्हा पुण्याच्या आघारकर संस्थेनं कारण हेच जीव सांगितलं. तीळपापड ताई, शब्द घरातच आहे: अळणी! अ-लवण, अळणी. मीठ कमी पडलं की 'अळणी ताण'.

तीळपापड: अळणी भारी आहे!! पण मीठ जास्त झालं तर? 'खारट ताण'?

पेशीवाला: शास्त्राच्या लेखात स्वयंपाकघर नको, 'निम्नलवण ताण' लिहा.

आगरातला: निम्नलवण वाचून माणूस पान उलटेल. नाहीतरी जीन रेग्युलेशनला 'जनुक नियमन' लिहिता, त्यातून काय समजतं? ऑक्सिजन कमी झाला की हा जीव जांभळ्या पडद्याचं जनुक चालू करतो आणि उजेडातून ऊर्जा मिळवतो, असं सांगा ना.

पेशीवाला: नुसतं चालू-बंद म्हटलं की स्विच वाटतो. हॅलोबॅक्टेरियमच्या एनआरसी-१ या प्रकारात जनुकाच्या सुरुवातीला बसून ते चालू करणारी प्रथिनं दोन तऱ्हांची आहेत, टीबीपी सहा आणि टीएफबी सात, त्यांच्या वेगवेगळ्या जोड्या जमतात. हे सगळं 'नियमन' मध्ये मावतं.

तीळपापड: लेख उद्या द्यायचाय, ताणाचं काय ठरलं?

भाकरतुकडा: लवणावरून लोणी पण आलं का हो? आमच्याकडे लोण्यात मीठ घालून ठेवायचे.

जुनीवही: नाही, लोणी नवनीतावरून. लोणारी, म्हणजे मीठ करणारे, मात्र लवणातलेच, आमच्या गावी...