मदत हवी आहे: नववीला किरणोत्सारिता कशी शिकवू? (आणि आमच्याकडे कांद्यावर किरण मारतात)

खडूची_भुकटी

नमस्कार मंडळी. बरेच दिवस इथे नुसती वाचत असते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

मी निफाड तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेत आठवी-नववीला विज्ञान शिकवते. माझं बीएस्सी बॉटनीचं, केमिस्ट्री दुसऱ्या वर्षाला सुटली ती सुटलीच, पण शाळेत विज्ञान म्हटलं की सगळं एकाच बाईच्या गळ्यात. नववीला साबण, सोडा, ब्लीचिंग पावडर ज्या धड्यात आहे त्याच धड्यात मधेच किरणोत्सारी पदार्थ येतात, अल्फा बीटा गॅमा किरण, उपयोग, धोके, झालं. दरवर्षी मी ते दोन तासांत उरकायचे. यंदा अडकले.

एक मुलगी उभी राहिली, म्हणाली, मॅडम तुम्ही दिवाळीआधी समीकरणं शिकवताना सांगितलं होतं की अणू बदलत नाहीत, फक्त जोड्या बदलतात, दोन्ही बाजूंना मोजायला पण लावलेत, न जुळल्याचे माझे दोन मार्क कापलेत. आता म्हणताय युरेनियमचं थोरियम होतं. मग आधी खोटं शिकवलं का? वर्ग हसला, मीही हसले, पण उत्तर काही देता आलं नाही.

तेवढ्यात मागच्या बाकावरचा एक जण, वडील कांद्याचे व्यापारी, तो म्हणाला की लासलगावला कांद्यावर किरण मारतात ना मॅडम, मग तो कांदा खाल्ला की आपण पण किरणोत्सारी होतो का. त्यावर सगळा वर्ग सुटला. कोणाची आजी म्हणते त्याला कोंब येत नाही म्हणजे औषध मारलंय, कोणी म्हणतं अमेरिकेला जाणारे आंबे पण तिथेच 'जाळतात'. बेल झाली म्हणून वाचले.

आणि तिसरं, हाफ लाइफ, म्हणजे अर्धायुकाल, निम्मे अणू बदलायला लागणारा वेळ. आयोडीन-१३१ चा अर्धायुकाल ८ दिवस असं फळ्यावर लिहिलं, विचारलं १६ दिवसांनी किती उरेल, चाळीसपैकी तीस जणांनी शून्य लिहिलं.

आमच्या प्रयोगशाळेत म्हणजे एका कपाटात लिटमस, स्पिरिटचा दिवा, परीक्षानळ्या आणि एक बरणी मोरचूद (कॉपर सल्फेट) आहे. किरणोत्सार मोजायचा गायगर काउंटर वगैरे विसरा. पुढच्या आठवड्यात दोन तास मागून घेतलेत. काय करू?

पाटीपेन्सिल

त्या मुलीचे दोन मार्क परत द्या आधी :)

खोटं नाही शिकवलंत, अर्धवट शिकवलंत. 'रासायनिक अभिक्रियेत अणू बदलत नाही' एवढं वाक्य होतं, त्यातला पहिला शब्द आपण सगळेच गाळतो. पण हे नुसतं सांगून टाकू नका, कारण तिच्या शंकेच्या जवळपासच मादाम क्यूरी घुटमळत होत्या. १८९६ मध्ये बेक्वेरेलला दिसलं की युरेनियमचे क्षार अंधारात ठेवले तरी फोटोची काच काळी करतात. पुढे क्यूरीबाईंनी मोजायला घेतलं. युरेनियमचं हे संयुग घ्या, ते घ्या, ढेकूळ घ्या, भुकटी घ्या, कोरडं घ्या, ओलं घ्या, किरणांचा जोर फक्त एकाच गोष्टीवर ठरतो, त्यात युरेनियम किती आहे. केमिस्ट्रीला जे जे बदलता येतं ते सगळं बदललं तरी किरण ढिम्म. म्हणजे हे प्रकरण जोड्यांचं नाही, अणूच्या आतलं आहे.

आता तुमची मोरचुदाची बरणी काढा. परीक्षानळीत तापवा, निळं होतं ते पांढरं पडेल, गार झाल्यावर दोन थेंब पाणी टाका, परत निळं. मुलांना विचारा तांब्याचा अणू गेला का? नाही, पाणी गेलं नि आलं. मग म्हणा, समजा हा युरेनियमचा क्षार असता, तर तापवून रंगरूप बदललं असतं पण किरण तेवढेच राहिले असते. पंधरा मिनिटांचं काम आहे, आणि केमिस्ट्री कुठे थांबते ते मुलं डोळ्यांनी बघतात. (मोरचूद विषारी, हात धुवायला लावा, हे तुम्हाला माहीत असेलच.)

आकाराचं सांगायचं तर तीनशे मीटर रुंद मार्केट यार्ड म्हणजे एक अणू धरा, तर केंद्रक त्यात मधोमध पडलेला ज्वारीचा एक दाणा. केमिस्ट्रीचा सगळा बाजार कुंपणापाशी, इलेक्ट्रॉनांमध्ये चालतो, त्या दाण्यापर्यंत कोणी पोचतच नाही. ऊर्जेचा फरकही तसाच, एका अणूमागे केमिस्ट्री रुपया-दोन रुपयांचे व्यवहार करते तर केंद्रकात एकदम दहा-वीस लाखांचे. म्हणून चुलीत घालून युरेनियमचं थोरियम होत नाही.

निवृत्त_अणुनगरकर

ताई, आयुष्यातली बत्तीस वर्षं ट्रॉम्बेत, भाभा अणुसंशोधन केंद्रात काढली, त्यामुळे कांद्याचा प्रश्न माझा.

तिथे गॅमा किरण वापरतात, कोबाल्ट-६० मधून निघणारे. ते कांद्याच्या मधल्या अंकुराच्या वाढत्या पेशींना इजा करतात म्हणून कोंब फुटत नाही. औषध काही मारत नाहीत. कांद्यासाठी डोसही थोडाच लागतो, शंभर ग्रेच्या आतबाहेर (ग्रे म्हणजे किरणांचा डोस मोजायचं एकक). आंबा अमेरिकेला जातो (२००७ पासून लासलगावहून जायला लागला) त्याला किमान ४०० ग्रे लागतो, कोयीतल्या किड्यासाठी. जाळणं वगैरे काही नाही, आंबा गारच असतो. आणि कोबाल्टच्या गॅमाची ऊर्जा केंद्रकाला बदलण्याइतकी नसते, त्यामुळे कांदा किरणोत्सारी होत नाही. उन्हात वाळवलेल्या कुरडया रात्री उजेड देतात का, असं विचारा पोरांना.

आता जिथे मोठी माणसंसुद्धा गडबडतात ते. किरण लागणं वेगळं आणि किरणोत्सारी पदार्थ अंगाला लागणं वेगळं. पहिलं म्हणजे ऊन, सावलीत आलात की संपलं. दुसरं म्हणजे हळद. हाताला लागली की तो हात जिथे लागेल तिथे पिवळं, ताटाला, दाराला, दुसऱ्याच्या सदऱ्याला. दिल्लीला मायापुरीच्या भंगारबाजारात २०१० मध्ये हेच झालं, एका विद्यापीठातलं वर्षानुवर्षं पडून राहिलेलं गॅमा यंत्र लिलावात गेलं, भंगारवाल्यांनी आतला कोबाल्ट-६० फोडला, एक जण गेला, बाकीचे आजारी पडले. तुमच्या गावातही भंगार वेचणारी मुलं असतील, पिवळ्या पाटीवर तीन पात्यांचं चिन्ह दिसलं की हात लावायचा नाही एवढं त्यांना पक्कं सांगा, धड्यातलं बाकी विसरले तरी चालेल.

हो, गायगर काउंटर कुठून मिळाला तर कांदा नका तपासू, पोटॅशची गोणी तपासा. शेतकऱ्यांच्या पोरांच्या घरी म्युरेट ऑफ पोटॅश असतंच. निसर्गातल्या पोटॅशियमचा दहा हजारांत एखादाच अणू पोटॅशियम-४० म्हणजे किरणोत्सारी असतो, तरी पन्नास किलोच्या गोणीत सेकंदाला साधारण आठ लाख अणू बदलतात. घाबरवू नका मात्र, मोठ्या माणसाच्या स्वतःच्या शरीरात पण सेकंदाला चारेक हजार बदलत असतात. कांद्यातही पोटॅशियम आहे, म्हणजे तो आधीपासूनच, किरण मारा न मारा, कणभर किरणोत्सारी आहे. आजींना हे सांगू नका :)

शेंगदाणा

@पाटीपेन्सिल किरण 'ढिम्म' हे अगदी शंभर टक्के नाही हं. बेरिलियम-७ सारखा अणू जवळचा इलेक्ट्रॉन गिळून बदलतो, त्याचा अर्धायुकाल संयुगाप्रमाणे एखाद टक्का इकडेतिकडे होतो.

पाटीपेन्सिल

@शेंगदाणा मान्य. पण नववीच्या वर्गात हे काढलं तर ती मुलगी परत उभी राहील.

खडूची_भुकटी

बाप रे, केवढं लिहिलंत सगळ्यांनी. हळद तर मी नेतेच वर्गात. काका, पोटॅशियमचं नक्की काय होतं बदलून? आणि हाफ लाइफचं कोणी सांगा ना, ते शून्यवाले तीस जण डोक्यातून जात नाहीयेत.

निवृत्त_अणुनगरकर

बहुतेकांचं कॅल्शियम होतं, दहातल्या एखाद्याचं आरगॉन. १९ प्रोटॉनचे २० झाले की कॅल्शियम, १८ झाले की आरगॉन. फळ्यावर तिघांना शेजारी शेजारी लिहा, अणुअंकांच्या क्रमातही ते शेजारीच येतात. अर्धायुकाल सुमारे १२५ कोटी वर्षं, त्यामुळे गोणी संपायची वाट बघू नका.

चिंचोका

माझ्या आयडीला जागून सांगते, चिंचोके. मी कोकणात शिकवते, दरवर्षी हेच करते. चिंचोके मधून फोडायचे, एक बाजू पांढरी एक तपकिरी, सारीपाटाला वापरतात तसे. प्रत्येक गटाला चाळीस फोडी. ओंजळीत हलवून टाकायच्या, पांढऱ्या पडल्या त्या 'क्षय पावल्या', बाजूला काढायच्या, मोजून लिहायच्या, उरलेल्या परत टाकायच्या. दुसऱ्या टाकीलाच पोरांना कळतं की सगळे संपत नाहीत, उरलेल्यांतले निम्मे जातात. नाण्यांनीपण होतं पण शाळेत नाणी वाटली की अर्धायुकाल वेगळाच लागतो, खिशात जातात.

गंमत म्हणजे चिंचोका बरोब्बर निम्मानिम्म पडेलच असं नाही, एका बाजूला फुगीर असतो. तेच चांगलं. मग उत्तर आधीपासून ठरलेलं नसतं, मुलांना स्वतःच्या चिंचोक्याचा अर्धायुकाल आलेखावरून शोधावा लागतो. फासा असेल तर एक पडला की बाहेर असा नियम करा, त्याचा पावणेचार टाकींच्या आसपास येतो.

दूरवरचा_नाशिककर

मी सध्या कॅनडात असतो पण शाळा नाशिकचीच. जमलं तर मुलांना क्लाउड चेंबर दाखवा. काचेची बरणी, तळाशी चिकटवलेलं फेल्टचं कापड, त्यावर शुद्ध आयसोप्रोपिल अल्कोहोल, बरणी झाकणावर पालथी आणि झाकणाखाली ड्राय आइस. अंधार करून बाजूने टॉर्च मारला की वरून येणाऱ्या कॉस्मिक किरणांच्या बारीक रेषा धुक्यात उमटतात, मधेच हवेतल्या रेडॉन या किरणोत्सारी वायूच्या अल्फाची जाड आखूड रेघ. किरणोत्सारी काहीही न आणता दिसतं. अल्कोहोल पेट घेतं आणि ड्राय आइस उणे ७८ अंशांवर असतो, तेव्हा जाड हातमोजे, खिडक्या उघड्या आणि स्पिरिटचा दिवा त्या दिवशी कपाटात.

कोणीतरी सुचवेल म्हणून आधीच सांगतो, वरातीतल्या गॅसबत्तीची जुनी जाळी आणू नका, त्यात थोरियम असायचं, हात लावला की भुगा होतो आणि तो भुगा श्वासात जाणं हेच वाईट.

पाटीपेन्सिल

एक राहिलंच. दुसऱ्या तासाला केमिस्ट्री परत आणा, नाहीतर मुलांना वाटेल दोन वेगळे विषय आहेत. शरीराला केंद्रक कळत नाही, केमिस्ट्रीच कळते. आयोडीन साधं असो की आयोडीन-१३१, थायरॉइड दोन्ही सारख्याच हावरटपणे घेते, म्हणून थायरॉइडच्या कॅन्सरवर ते औषध म्हणून चालतं आणि अणुभट्टीच्या अपघातात तेच घातक ठरतं. अपघातानंतर साध्या आयोडीनच्या गोळ्या देतात त्या याचसाठी, थायरॉइड आधीच भरून ठेवायची. मिठाच्या पुडीवरचं 'आयोडीनयुक्त' वाचायला लावा. स्ट्रॉन्शियम-९० हाडात जाऊन बसतं कारण ते कॅल्शियमच्याच उभ्या रांगेतलं. आणि क्यूरी दांपत्याला रेडिअम सापडलं ते बेरियमच्या मागे मागे गेलं म्हणून, तीही एकच रांग. टनावारी खनिज उकळून, परत परत स्फटिक पाडून १९०२ पर्यंत हाती काय आलं, तर एक दशांश ग्रॅम रेडिअम क्लोराइड. ही सगळी तुमच्या कपाटातलीच केमिस्ट्री.

खडूची_भुकटी

दोन्ही तास झाले. ड्राय आइस मिळाला नाही (आइस्क्रीमवाला म्हणाला सीझन नाही), बाकी सगळं केलं.

मोरचूद तापवलं तेव्हा परीक्षानळीच्या तोंडाशी पाण्याचे थेंब जमले, ते बघून तीच मुलगी म्हणाली मग पाणी पण मोजा, दोन्ही बाजूंना सारखंच येईल. तिला दोन मार्क दिले परत. हळदीचं तर सांगायला नको, मी एकाच्या हाताला लावली, तास संपेपर्यंत डस्टर, खडू, माझी पर्स सगळं पिवळं. कांदेवाल्याच्या पोराने घरी जाऊन आजीला कुरडयांचं सांगितलं, आजी म्हणाली तरी मी आपला शेतातलाच खाणार.

चिंचोके पाच गटांत मिळून २००. आकडे असे आले: २००, ९१, ४२, १८, ९, ५, १, १, ०. पहिल्याच टाकीत निम्म्याहून जास्त गेले, म्हणजे चिंचोका सांगेल तेच खरं, आमचा अर्धायुकाल एका टाकीपेक्षा कमी निघाला. एकेका गटाचा आलेख वेडावाकडा होता पण सगळ्यांची बेरीज केली तर छान घसरगुंडी आली, हे का झालं ते मुलांनीच सांगितलं, की फोडी जास्त असल्या की नशीब कमी चालतं. १६ दिवसांचा प्रश्न परत दिला, आता चौघांनीच शून्य लिहिलं.

पण शेवटच्या त्या एका चिंचोक्यावरून वर्गात भांडण झालं. सलग सात टाकी तो तपकिरीच पडला, तर एका गटाचं म्हणणं की आता त्याची वेळ झालीये, पुढच्या टाकीला जाणारच. आणि तो गेला पण! आता त्यांना कसं पटवू?

चिंचोका

पटवू नका, परत टाकायला लावा. दहा फोडी निवडा ज्या दोन टाकी टिकल्यात, आणि दहा अगदी ताज्या. दोन्ही ढीग वेगवेगळे टाका, मोजा. असं पाच-सहा वेळा केलं की कळेल, जुन्या चिंचोक्याला आपण जुने आहोत हे माहीत नसतं.

खडूची_भुकटी

सोमवारी करते. चिंचोके मात्र संपले, तीन-चार पोरांनी भाजून खाल्लेत.