वणवे अधिक विध्वंसक का होत आहेत?

प्रश्न: डिसेंबर 2018 मध्ये गोरेगावला आरेलगतचा डोंगर पेटला, तेव्हा आमच्या गच्चीवर सकाळी काळी राख पसरली होती. वणवे पूर्वीही लागत. मग आता ते इतके विध्वंसक का ठरतात?

उत्तर 1: केवळ उन्हाळ्याला दोष देऊन भागणार नाही. अमेरिकेच्या वनखात्याने 1935 पासून प्रत्येक वणवा दुसऱ्या दिवशी सकाळी दहापर्यंत विझवण्याचे धोरण राबवले. त्यामुळे लहानसहान आगींत जळून गेला असता तो पालापाचोळा दशकानुदशके साचत राहिला आणि तापमानवाढीने तो अधिकच वाळला. त्यातच वस्ती जंगलाला भिडली. नोव्हेंबर 2018 मध्ये कॅलिफोर्नियातील पॅराडाइज हे गाव बेचिराख करणारी आग वीजवाहिनीतील बिघाडामुळे लागली आणि 85 माणसे दगावली.

उत्तर 2: मान्य, परंतु सह्याद्रीत काडी बहुधा माणूसच लावतो, हे विसरू नये. म्हणूनच पावसाळा सरल्यावर गवत काढून जाळरेषा, म्हणजे आग पुढे पसरू नये म्हणून मोकळे केलेले पट्टे, आखतात. वनमजूर हिरव्या फांद्यांनी झोडपून आग विझवतात, मात्र ज्वाळांच्या वरच्या अंगाला सहसा थांबत नाहीत, कारण आग चढावर झपाट्याने धावते.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. आमच्या सोसायटीच्या कुंपणामागचे कंबरभर गवत यंदा दिवाळीनंतर लगेच कापायला सांगतो.